जमिनीच्या मध्यस्थाचीही नोंदणी झाली पाहिजे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तालुक्याच्या गावांलगत शेतजमिनीचे एक-एक, दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकले गेले आणि पुढे खरेदीदारांची फसवणूक झाली, अशा आशयाच्या बातम्या आपल्या दैनिकात वरचेवर येतात. बहुतेक बातम्यांत एक मध्यस्थ असतो, त्याने विसाराची (व्यवहार पक्का करण्यासाठी दिलेली आगाऊ) रक्कम घेतलेली असते आणि बातमी छापून येईपर्यंत त्याचा फोन बंद झालेला असतो. मी बार्शीत (जि. सोलापूर) जमीन, भूखंड व घरे यांच्या खरेदी-विक्रीत मध्यस्थ म्हणून काम करतो आणि माझे घर याच व्यवसायावर चालते. त्या बातम्या खोट्या आहेत असे मला म्हणायचे नाही. त्यांतील कित्येक प्रकार आमच्या डोळ्यांदेखत घडतात. मला मांडायचे आहे ते असे, की पुण्या-मुंबईत बिल्डरची सदनिका विकणाऱ्या एजंटाला कायद्याने नोंदणी, परीक्षा आणि दंड लागू आहेत. पण तालुक्याच्या गावात शेतकऱ्याची पिढीजात जमीन एका हातातून दुसऱ्या हातात जाताना मध्ये जो माणूस उभा असतो, त्याला यांतले काहीही लागू नाही. ही उणीव भरून काढावी, आणि तशी मागणी आम्हा मध्यस्थांकडूनच यावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमच्या गावात मोठा गृहप्रकल्प हा अपवाद असतो. वर्षभरात हातून जे व्यवहार जातात त्यांत शेतजमीन असते, जुन्या बिनशेती लेआउटमधला रिकामा भूखंड असतो, गावठाणातल्या वाड्याचा हिस्सा असतो, बाजारपेठेतला एखादा गाळा असतो. विकणारा क्वचितच हौसेने विकतो. मुलीचे लग्न, घरातले आजारपण, सोसायटीचे थकलेले कर्ज, लागोपाठ दोन वर्षे हातची गेलेली तूर किंवा द्राक्षबाग, यांपैकी काहीतरी त्याच्या मागे लागलेले असते. घेणारा बहुधा नोकरदार, निवृत्त कर्मचारी, पुण्यात स्थिरावलेला इथलाच मुलगा किंवा शेजारचा बांधकरी असतो. दोघांच्याही आयुष्यातला तो सर्वांत मोठा व्यवहार असतो आणि दोघांनाही तो कसा करायचा असतो याची माहिती नसते. आमच्या कामाची खरी किंमत इथे आहे. गिऱ्हाईक आणून गाठ घालून देणे हा त्यातला सोपा भाग होय.

अवघड भाग कागदांचा. आपल्याकडे दुय्यम निबंधक कार्यालयात दस्ताची नोंदणी होते, मालकीची हमी मिळत नाही, ही गोष्ट पुष्कळ सुशिक्षित माणसांनाही ठाऊक नसते. मुद्रांक शुल्क भरले, अंगठे-फोटो झाले, सूची क्रमांक दोन हातात पडली, म्हणजे जमीन आपली झाली अशी समजूत असते. प्रत्यक्षात विकणाऱ्याला ती विकण्याचा पूर्ण हक्क होता की नाही, हे खरेदीदारानेच आधी पाहून घ्यायचे असते. सातबारा हा महसुलाचा अभिलेख आहे आणि तो वाचता यावा लागतो. खातेदाराच्या नावापुढे ‘एकुमॅ’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) असे संक्षिप्त रूप असेल तर तो माणूस एकत्र कुटुंबाचा व्यवस्थापक म्हणून तिथे आहे, त्याच्या पाठीमागे नाव न लागलेले भाऊ आहेत, हे ओळखावे लागते. ‘अपाक’ असेल तर ती नोंद झाली त्या वेळी कोणीतरी अज्ञान (अल्पवयीन) होते, ते अज्ञान मूल आज पन्नाशीचे असू शकते आणि त्याची संमती लागणार असते. इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीचा बोजा असतो, विहिरीतला हिस्सा असतो, कधी बहिणींची नावे असतात. कर्ज फिटून वर्षे उलटली तरी बोजा तसाच राहिलेला असतो, कारण बँकेचा निल दाखला तलाठ्याकडे कोणी नेऊन दिलेला नसतो. ‘कूळ कायदा कलम ४३ च्या अटीस पात्र’ असा शेरा पाहिला की घेणारा घाबरून मागे फिरतो. पण खरेदीचे प्रमाणपत्र मिळून दहा वर्षे झाली असतील तर आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) चाळीसपट नजराणा भरून ती जमीन विकता येते, अशी दुरुस्ती २०१४ मध्ये झालेली आहे. भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन किंवा देवस्थान इनाम यांची गोष्ट मात्र वेगळी, आणि ती वर्ग १ असल्याचे भासवून विसार घेणारे लोक आहेत.

बार्शीच्या मध्यस्थाला यात आणखी एक गाठ सोडवावी लागते. आमचा तालुका पूर्वीच्या मुंबई इलाख्यातला आणि शिवेपलीकडचे परंडा, भूम, कळंब हे तालुके निजामाच्या राज्यातले. बाजारपेठ एक, सोयरीक एक, परंतु शीव ओलांडली की कूळ कायदा बदलतो. इकडे १९४८ चा मुंबई कायदा आणि तिकडे १९५० चा हैदराबाद कायदा लागू आहे. इकडचे जुने फेरफार (हक्कबदलाच्या नोंदी) मोडीत सापडतात, तिकडची जुनी कागदपत्रे उर्दूत निघतात आणि खासरा पत्रक या जुन्या जमीन-नोंदीपर्यंत मागे जावे लागते. मोडी वाचणारा आणि उर्दू वाचणारा असे दोघेही जाणकार कोण आहेत, कोणत्या वारी भेटतात, ही माहिती आमच्याजवळ असते. कोणत्याही संकेतस्थळावर ती मिळत नाही. सातबारा आता घरबसल्या डिजिटल स्वाक्षरीसह काढता येतो, ही अत्यंत चांगली सोय झाली आहे आणि तिच्यामुळे बनावट उतारे दाखवणाऱ्यांना बराच आळा बसला. तरीही त्या उताऱ्याच्या तळाशी जे फेरफार क्रमांक असतात, त्यांतील प्रत्येक क्रमांक उघडून तीस वर्षे मागे जाणारा माणूस लागतोच. हा शोध वकिलाने घ्यायचा असतो हे खरे. परंतु वकिलापुढे पूर्ण बाड नेऊन ठेवणारा मध्यस्थ असेल तर शोध नीट होतो, नाहीतर अर्ध्या कागदांवर अर्धा अभिप्राय मिळतो आणि उरलेला भाग पुढे दिवाणी न्यायालयात उलगडतो.

बहिणींच्या सह्यांबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण आमच्या व्यवसायाची कसोटी तिथेच लागते. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ मध्ये दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः मुलाइतका हक्क मिळाला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, २००५ च्या वेळी वडील हयात होते की नव्हते याने त्या हक्काला बाधा येत नाही, असे स्पष्ट केले. कायदा इतका स्वच्छ असूनही गावागावांत रीत जुनीच चालते. वडील वारल्यावर वारस नोंद करताना बहिणींची नावे एकतर लागतच नाहीत, किंवा लागली तर पुढे हक्कसोडपत्र करून घेण्याच्या बोलीवर लागतात. जमीन विकायची वेळ आली की भाऊ मध्यस्थाला सांगतो, ताईची सही तेवढी आणा, ती काही मागणार नाही. ताई भोसरीत असते, लातूरला असते, कधी हैदराबादला असते. अशा घरी मी जातो तेव्हा जमिनीचा ठरलेला भाव तिला सांगितल्याशिवाय कागद पुढे करत नाही. यावरून माझ्या हातून व्यवहार निसटले आहेत आणि भाऊ माझ्यावर रागावलेही आहेत. परंतु भाव न सांगता घेतलेली सही ही उद्याच्या दाव्याची सुरुवात असते. तिचा हिस्सा घ्यायचा की भावासाठी सोडायचा हे तिने ठरवावे. ठरवण्यापूर्वी ती काय सोडते आहे हे तिला कळले पाहिजे, एवढे तरी मध्यस्थाने पाहावे.

नोंदणीच्या दिवशी याच बहिणी, आत्या, चुलत्या दुय्यम निबंधक कार्यालयाच्या ओट्यावर सकाळपासून बसलेल्या असतात. सर्व्हर बंद असला तर दुपार होते. मग एकेकीला आत बोलावतात आणि ठसे घेणाऱ्या यंत्रावर बोट ठेवायला सांगतात. जन्मभर खुरपणी आणि काढणी केलेल्या बाईच्या बोटावरच्या रेषा इतक्या झिजलेल्या असतात की यंत्र ठसा घेत नाही. बोट ओल्या फडक्याने पुसायचे, पुन्हा ठेवायचे, दुसरे बोट ठेवायचे, असे बराच वेळ चालते. मागची रांग कुरकुरते, आणि ती बाई मात्र आपलेच काही चुकले अशा चेहऱ्याने सगळ्यांकडे पाहत राहते. त्या वेळी तिच्या शेजारी उभे राहून कार्यालयातल्या माणसाला थांबायला सांगणे, तिला पाणी आणून देणे आणि दस्तात काय लिहिले आहे ते तिच्या भाषेत पुन्हा एकदा सांगणे, हेही मी माझे कामच समजतो. याचे शुल्क कोणत्याही तक्त्यात नाही.

शुल्काचा विषय निघालाच आहे तर तोही स्पष्ट लिहितो. आमच्याकडे रीत अशी आहे की व्यवहाराच्या रकमेवर दोन्ही बाजूंकडून टक्का किंवा दोन टक्के घ्यायचे, आणि तेही खरेदीखत झाल्यावर. विसार झाला, साठेखत (विक्रीचा करार) झाले आणि पुढे व्यवहार फिसकटला तर केलेले सगळे हेलपाटे वाया जातात. पितृपक्षात कोणी बैठकीला येत नाही. पाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा या दिवसांसाठी सगळे थांबतात. मार्चअखेरीस, नव्या बाजारमूल्य दरांपूर्वी दस्त व्हावा म्हणून एकदम गर्दी उसळते. दलालीचा करार कोणीही लिहून देत नाही. जागा दाखवली, भाव जुळवला, कागद गोळा केले आणि मग दोन्ही पक्ष परस्पर भेटून आम्हाला न कळवता दस्त उरकतात, हा प्रकार या व्यवसायातील प्रत्येकाने अनुभवला आहे. लेखी काही नसल्यामुळे दाद कुठे मागायची हा प्रश्न उरतो. पण हाच लेखी कागद नसल्याचा फायदा लबाड मध्यस्थाला उलट दिशेने मिळतो. तो विकणाऱ्याला एक भाव सांगतो, घेणाऱ्याला दुसरा सांगतो, मधला फरक खिशात घालतो, आणि तो नेमका कोणाच्या वतीने बोलत होता हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. म्हणजे ज्या पोकळीमुळे सचोटीने काम करणाऱ्याची मजुरी बुडते, तीच पोकळी फसवणूक करणाऱ्याला आसरा देते.

आता कायद्याकडे वळतो. स्थावर संपदा अधिनियम २०१६ चा. महाराष्ट्रात महारेराचे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचे, काम १ मे २०१७ पासून सुरू झाले. त्या कायद्याने एजंटाला नोंदणी बंधनकारक केली. व्यक्तीला दहा हजार रुपये शुल्क आणि पाच वर्षांची मुदत आहे. विनानोंदणी काम करणाऱ्याला दररोज दहा हजार रुपये दंडाची तरतूद आहे. २०२३ मध्ये महारेराने एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. हे सगळे योग्यच झाले. परंतु ही नोंदणी प्रकल्पातील सदनिका व भूखंड यांच्या विक्रीशी जोडलेली आहे. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचा किंवा आठ सदनिकांपर्यंतचा प्रकल्प तिच्या बाहेर आहे; शेतजमिनीचा व्यवहार बाहेर आहे; एका माणसाने दुसऱ्याला विकलेले जुने घर किंवा जुना भूखंडही बाहेर आहे. पाचशे चौरस मीटर म्हणजे जेमतेम पाच गुंठे. तालुक्याच्या गावातले आमचे बहुतेक काम या चौकटीबाहेरच पडते. त्यामुळे रीतसर बिनशेती करून, नगररचना विभागाकडून रेखांकन मंजूर करून घेऊन, रस्ते आणि खुली जागा सोडून भूखंड विकणारा महारेराच्या कक्षेत येतो आणि त्याचे भूखंड विकणारा एजंटही येतो. ज्याने उभ्या शेतात फक्कीच्या रेघा ओढून तुकडे पाडले त्याला कोणतीच मंजुरी नसल्यामुळे त्याचा प्रकल्प कुठे नोंदला जाण्याचा प्रश्नच येत नाही, आणि त्याच्यासाठी गिऱ्हाइके गोळा करणाऱ्याला कोणी काही विचारत नाही.

या तुकड्यांच्या बाबतीत सरकारी धोरणही इतक्या वेळा फिरले आहे की सामान्य माणसाने गोंधळून जावे. शेतजमिनीचे छोटे तुकडे पाडू न देणारा तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. जुलै २०२१ मध्ये नोंदणी महानिरीक्षकांच्या परिपत्रकाने प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा, म्हणजे ठरवून दिलेल्या किमान क्षेत्रापेक्षा, कमी जमिनीचे दस्त नोंदवणे थांबले. मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द ठरवले. २०२३ मध्ये राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायत वीस गुंठे आणि बागायत दहा गुंठे असे प्रमाणभूत क्षेत्र ठरवण्यात आले. २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी विधिमंडळात कायदा शिथिल करण्याची घोषणा केली आणि त्याच वर्षी अध्यादेश निघून जुने तुकडे नियमित करण्याची वाट मोकळी झाली. ज्यांनी पोटाला चिमटा काढून गुंठा घेतला त्यांना दिलासा मिळाला, याचा मला आनंद आहे. मात्र अशा प्रत्येक बदलानंतर आमच्या गावात आठवडाभरात अफवा पसरते की आता काहीही विकत घेतले तरी चालते, आणि त्या अफवेवर स्वार होऊन नव्या शेतात नव्या रेघा पडतात. नियमित होणार आहेत ते ठरावीक तारखेपूर्वीचे तुकडे, आज पाडलेले नव्हेत, हे गिऱ्हाइकाला सांगणे ज्याचे काम, तोच मध्यस्थ ते लपवतो, कारण ते सांगितले तर त्याचा गुंठा विकला जात नाही.

मधल्या काळात दस्त होत नव्हते तेव्हा काय घडले याचे एक उदाहरण देतो. गावाबाहेरच्या एका रस्त्यालगत वीस गुंठे जमीन अठरा जणांनी मिळून सामाईक घेतली. दस्त एक, सातबारा एक आणि त्यावर अठरा नावे. कोणाचा तुकडा कोणता हे मध्यस्थाने कागदावर पेन्सिलीने आखून दिले आणि पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी करून प्रत्येकाच्या हातात दिले. त्यांतल्या एका निवृत्त एसटी वाहकाला घर बांधायचे होते. बँकेने कर्ज नाकारले, कारण त्याच्या नावे स्वतंत्र मिळकतच नाही. मोजणी मागवायची तर सतरा जणांच्या सह्या लागतात. त्यांतला एक वारला असून त्याच्या वारसांची नोंद झालेली नाही, आणि एकाने आपला हिस्सा पुन्हा नोटरीवरच तिसऱ्याला विकला आहे. आत जायचा रस्ता ज्या शेतातून दाखवला होता त्या शेतकऱ्याने बांधावर काटेरी तार ओढली आहे, कारण तो रस्ता कोणत्याच नकाशावर नव्हता. मध्यस्थाने अठरा जणांकडून दलाली घेतली होती आणि आज तो दुसऱ्या तालुक्यात हाच उद्योग करतो. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीचा विक्रीदस्त नोंदवलाच पाहिजे, हा नियम १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. मुखत्यारपत्र आणि साठेखत यांनी मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. तरीही ‘नोटरी म्हणजे खरेदीच’ असे सांगून पैसे घेणाऱ्या माणसावर, फौजदारी तक्रारीखेरीज, कोणतीही व्यावसायिक कारवाई होऊ शकत नाही. त्याच्याकडून काढून घेण्यासारखा परवानाच नाही.

म्हणून माझी मागणी अशी आहे. जमीन किंवा घर यांच्या कोणत्याही व्यवहारात मोबदला घेऊन मध्यस्थी करणाऱ्या प्रत्येकाची नोंदणी व्हावी, मग तो व्यवहार शेतजमिनीचा असो की गावठाणातल्या दोन खोल्यांचा. महारेराची ऑनलाइन यंत्रणा आणि परीक्षा तयारच आहे. तिच्यात ग्रामीण व्यवहारांसाठी वेगळा, मराठीतून आणि कमी शुल्काचा वर्ग उघडता येईल, ज्यात सातबारा-फेरफार वाचन, कूळ कायद्याच्या अटी, वारसा हक्क आणि तुकडेबंदी यांवर भर असेल. याहून महत्त्वाचे म्हणजे खरेदीखतात मध्यस्थाचे नाव, नोंदणी क्रमांक आणि त्याने कोणाकडून किती मोबदला घेतला, यासाठी एक रकाना असावा. मध्यस्थ नसेल तर तसे दोन्ही पक्षांनी लिहून द्यावे. आज दस्तात लिहून घेणाऱ्याचे, लिहून देणाऱ्याचे, साक्षीदारांचे आणि ओळख देणाऱ्यांचे नाव असते. ज्याच्या शब्दावर व्यवहार बसला त्याचे मात्र नसते. ते आले की आमची मजुरीही सुरक्षित होते आणि आमची जबाबदारीही. विसाराची रक्कम बँकेतूनच जावी आणि विसार पावतीला सातबारा, आठ-अ (खातेउतारा), गेल्या तीस वर्षांतील फेरफार, नकाशा आणि रस्त्याचा पुरावा जोडलेला असावा, हेही बंधनकारक व्हावे. स्थावर मिळकतीपोटी वीस हजार किंवा त्याहून अधिक रोख रक्कम घेता येत नाही हा प्राप्तिकराचा नियम आजही आहे. विसाराच्या बैठकीत तो सर्रास मोडला जातो.

माझ्याच व्यवसायातील काही बंधूंना हे पटत नाही, आणि त्यांचे आक्षेप मी मनापासून ऐकले आहेत. एक म्हणतात, आणखी एक कार्यालय निर्माण होईल आणि तिथेही हेलपाटे आणि चिरीमिरी सुरू होईल. ही भीती निराधार नाही, म्हणूनच तालुक्यात नवे कार्यालय नको, ऑनलाइन नोंदणी असावी असे मी म्हणतो. नोंदणी क्रमांक आहे की नाही हे दुय्यम निबंधकाच्या संगणकावरच तपासले जाईल. दुसरे म्हणतात, चहाच्या टपरीवर बसून ‘अमक्याची जमीन निघाली आहे’ एवढी बातमी देणाऱ्यालाही परीक्षा द्यायला लावणार का? बातमी देणाऱ्याला नको. पण बैठकीत बसून भाव ठरवणाऱ्याला, विसार हाताळणाऱ्याला आणि दलाली घेणाऱ्याला हवी. तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. कमी शिकलेली पण चोख व्यवहाराची जुनी माणसे या व्यवसायात आहेत. शिवारातला प्रत्येक बांध त्यांना पाठ असतो आणि त्यांनी अनेक भावबंदांचे वाटप भांडण न होता करून दिले आहे. लेखी परीक्षेने अशी माणसे बाहेर फेकली जाऊ नयेत. ठरावीक वर्षे काम केलेल्यांना तोंडी परीक्षेची किंवा केवळ प्रशिक्षणाची सवलत द्यावी. नोंदणीतून मात्र त्यांनाही वगळू नये.

मध्यस्थाच्या नोंदणीने सगळी फसवणूक थांबेल असे मी मानत नाही. तलाठी कार्यालयातील प्रलंबित वारस नोंदी, भूमी अभिलेख कार्यालयातील मोजणीच्या तारखा आणि मंडळ अधिकाऱ्यांपुढच्या तक्रारी नोंदी यांचा निपटारा झाला तर निम्मे वाद उद्भवणारच नाहीत. २०२५ मध्ये राबवलेल्या ‘जिवंत सातबारा’ मोहिमेने मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याचे काम पुढे नेले. ‘एकुमॅ’ नोंदींबाबतही तशीच गाववार मोहीम आमच्या तालुक्यात व्हावी, अशी माझी महसूल प्रशासनाला विनंती आहे.

एक विनंती आपल्यालाही आहे. जमीन घेण्यापूर्वी हरकती मागवण्यासाठी वकिलामार्फत ‘जाहीर नोटीस’ वर्तमानपत्रात दिली जाते. तिची मुदत सात ते पंधरा दिवसांची असते आणि हिस्सेदाराला, बहिणीला किंवा बोजा असलेल्या संस्थेला व्यवहार कळण्याचा हा बहुधा एकमेव मार्ग असतो. परंतु या नोटिसा इतक्या बारीक अक्षरात आणि इतर जाहिरातींमध्ये अशा विखुरलेल्या येतात, की ज्यांच्यासाठी त्या छापल्या जातात त्यांना त्या दिसत नाहीत. कमी वाचक असलेल्या अंकात मुद्दाम नोटीस देऊन मुदत संपवून टाकण्याची युक्तीही लोक करतात. आपल्या जिल्हा आवृत्तीत आठवड्यातून एका ठरलेल्या वारी या सर्व नोटिसा तालुकावार, गावाचे नाव आणि गट क्रमांक ठळक अक्षरात देऊन एकत्र छापता आल्या, तर तो अंक गावोगावच्या ग्रामपंचायतीत आणि सोसायटीत मी व माझे सहकारी स्वखर्चाने लावू. बार्शी तालुक्यापुरती तरी ही सुरुवात करावी, अशी आग्रहाची विनंती.

कळावे,
आपला विश्वासू,
जमीन व घर खरेदी-विक्री मध्यस्थ,
बार्शी, जि. सोलापूर